चिलखत म्हणजे शेवटी कटोरी ब्लाउजच

"मावशी, तुला चिलखत शिवता येईल का?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. तोंडात सुई, त्यामुळे लगेच काही बोलता आलं नाही. तेवढ्यात त्यानं मोबाईल नाकासमोर धरला. जपानी कार्टूनमधला कुणी योद्धा होता. खांद्यांवर परातीएवढाले दोन पत्रे, छातीला मधोमध उभी कड, पोटावर खवल्यामांजरासारख्या पट्ट्या. चित्र मोठं करून पाहिलं. छाती चार तुकड्यांत जोडलेली, बाहीचा मुंढा खोल, खांद्याला उतार. सुई काढून म्हटलं, "अरे, ही तर कटोरी आहे!" कटोरी म्हणजे छातीला वाटीसारखे तुकडे जोडलेला ब्लाउज.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी सव्वीस वर्षं शिवणकाम करते. त्या दिवसापासून भाच्याची चार चिलखतं झाली आणि वहिनीच्या सोसायटीतल्या पोरांची हॅलोविनची भुतं किती झाली ते मोजलंच नाही. कॉस्प्ले म्हणजे काय, हेही तेव्हाच कळलं. 'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' यांची गाठ मारून जपान्यांनी केलेला शब्द. आवडत्या पात्राचा वेश स्वतः करायचा, घालायचा आणि चारचौघांत मिरवायचा. यात नाशिककराला नवल वाटायचं कारण नाही. धुळवडीला जुन्या नाशकात वीर निघतात, पोरांना देवादिकांचे वेश चढतात, दाजीबाचं बाशिंग पाहायला रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहतात. आपण फक्त त्याला कॉस्प्ले म्हणत नव्हतो.

आता कामाचं. तुम्हाला पेपर कटिंग करून साधा ब्लाउज शिवता येत असेल, तर अर्धं चिलखत तुम्हाला आधीच येतं. येत नसेल तरी वाचा.

सामानात पहिला फोम. इथेच मी पहिल्यांदा फसले. आमचे हे अंबडच्या कंपनीत होते. तिथून मशीनभोवती गुंडाळून आलेला पांढरा, फुगीर फोम फुकट मिळायचा. मी म्हटलं, वा! एक आख्खी छाती कापली, जोडली आणि आकार द्यायला कडक गरम हवा फेकणारी हीट गन धरली. दोन सेकंदांत ती आक्रसून गेली. तो पॅकिंगचा फोम. आपल्याला हवा ईव्हीए, चपलेचा तळ असतो ना, तो. नखानं दाबला की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. २ मिलिमीटरच्या रंगीत शीट मेन रोडच्या बाजूला स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत मिळतात. ५ आणि १० मिलिमीटरच्या जाड शीटसाठी चपलांचं सामान विकणाऱ्याला विचारायचं किंवा ऑनलाइन मागवायचं. जिममध्ये जमिनीवर दातेरी चौकोन अंथरतात, तेही चालतात. छातीला ५, खांद्याला आणि तलवारीला १०, नक्षीला आणि काठाला २, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

थर्माकोल आणूच नका. एक तर २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे त्यावर स्प्रे पेंट मारला की तो विरघळतो. घरात जुना तुकडा पडला होता म्हणून मी त्याची कवटी कोरली, चांगली तीन तास खपून. रंग मारला आणि नाकाच्या जागी भोक मोठं होत होत कानापर्यंत गेलं.

माप घ्यायची पद्धत मात्र मी भाच्याकडून शिकले आणि ती मला फार आवडली. माणसाला जुना, टाकाऊ बनियन घालायला लावायचा. त्यावरून छातीपोटाला स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म गुंडाळायची. तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे आडवे-उभे थर द्यायचे. घट्ट आवळू नका, श्वास भरून घ्यायला सांगा. मग मार्करनं थेट त्या अंगावरच चिलखताच्या रेघा आखायच्या: मधली रेघ, मुंढा, गळा, कंबर. तुकड्यांना नंबर घाला आणि जोडाच्या रेघेवर आडव्या खुणा करा, नाहीतर नंतर कुठला काठ कुठल्या काठाला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. पाठीकडून सरळ कापून सोलायचं. कात्रीचं बोथट पातं अंगाकडे. माणूस गुदगुल्या झाल्या म्हणून हलला, तर थांबायचं.

हे सोललेलं टेबलावर पसरलं की ते सपाट बसत नाही. छातीच्या उंचवट्याशी फुगून राहतं. शिवणकाम न करणारा इथे घाबरतो. आपण कात्री घेऊन उंचवट्याच्या टोकापर्यंत एक काप द्यायचा. कागद बसतो आणि काप उघडून इंग्रजी 'व्ही'सारखी फट पडते. हीच फट म्हणजे आपला टक्स. कापडात टक्स दुमडून शिवतो, फोममध्ये तेवढा 'व्ही' कापून टाकायचा आणि दोन्ही काठ एकमेकांना भिडवून चिकटवायचे. सपाट शीट आपोआप वाटीसारखी फुगते. फट जितकी रुंद, वाटी तितकी खोल. भाच्यानं व्हिडिओ पाहून हे करायला दोन रविवार घालवले होते. मी एकदा करून दाखवलं, तर म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "सहावीतल्या पोरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या ब्लाउजांनी."

दोन फरक मात्र आहेत. एक म्हणजे फोमला शिलाईची जागा सोडायची नाही, काठाला काठ भिडतो. आणि दुसरा, ज्यानं आमचं पहिलं चिलखत वाया गेलं, तो जाडीचा. कापडाची जाडी आपण धरत नाही. ५ मिलिमीटरचा फोम अंगाभोवती फिरला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सव्वा इंचानं वाढतो. मी छाती बरोबर ३४ धरून कापली आणि पाठीला वेलक्रो भेटेचना. आता दोन इंच सोडते, एक जाडीचा आणि एक श्वासाचा.

कापायला कटर आणि ब्लेडं भरपूर. फोम पात्याची धार खातो. थोडं कापून झालं की टोक मोडून नवं पुढे घ्या, बोथट पातं कापत नाही, फाडतं. एका दमात खोल जाऊ नका, दोन-तीन हलके हात मारा. पातं सरळ उभं. तिरपं झालं की जोडाला फट राहते आणि ती फट कुठल्याही रंगानं लपत नाही.

चिकटवायला चांभार वापरतात तसलं कॉन्टॅक्ट सोल्युशन. ओलं असताना चिकटवू नका, नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. दोन्ही काठांना पातळ हात द्यायचा आणि बाजूला ठेवायचं. दहा मिनिटांनी बोटाचं टोक लावलं तर बोटाला काही येत नाही, असं झालं की मग भिडवायचं. भिडलं की भिडलं, परत सरकत नाही. म्हणून दोन्ही टोकं आणि मधला भाग आधी टेकवा, मग उरलेलं चिमटीत दाबत जा, पिको करताना काठ सरकवतो तसं. हे काम गॅलरीत करा. वासानं डोकं धरतं, आणि जवळ गॅस, उदबत्ती, देवघरातली निरांजनं काही पेटतं नको.

आता पोट. भाचा पहिलं जमलेलं चिलखत घालून मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-कार्टूनवेड्यांच्या जत्रेला गेला. घरी उभं राहून घालून पाहिलं होतं, झक्क दिसत होतं. तिथे गेल्यावर कळलं की खाली बसता येत नाही. बसलं की पोटाचा तुकडा वर सरकतो आणि गळ्याचा काठ हनुवटीखाली रुततो. पोरानं वडापाव उभ्यानं खाल्ला, तोही मान वर करून, कोंबडीसारखा. मला फोनवर सांगताना हसत होता, पण मला फार लागलं ते. गिऱ्हाइकाला बसून, वाकून, हात वर करून दाखवल्याशिवाय मी साधा ब्लाउज देत नाही आणि पोराला तसंच पाठवलं.

तेव्हापासून पोटाला सलग तुकडा नाही. चार आडव्या पट्ट्या, प्रत्येक खालच्या पट्टीवर पाऊण इंच चढलेली, आतून दोन उभी इलॅस्टिकं. बसलं की पट्ट्या एकमेकींत सरकतात, उठलं की परत उघडतात. इलॅस्टिक फोमला थेट शिवू नका, दोरा फोम कापतो आणि टाका ओघळतो. आधी बकरमच्या कडक कापडाची किंवा जुन्या जीनची चकती फोमला चिकटवा आणि इलॅस्टिक त्या चकतीला शिवा. वेलक्रोचंही तेच, त्याच्या पाठीवरच्या गमावर विसंबू नका. घाम लागला की तो गम सुटतो, आणि मुंबईत घाम लागतोच.

रंगवण्याआधी सगळ्या तुकड्यांवरून हीट गन फिरवायची. फोमची वरची भोकं मिटतात आणि पृष्ठभागाला किंचित चकाकी येते. ती आली की पुढे सरका, थांबलात तर करपेल. हेअर ड्रायरनं हे होत नाही, ड्रायरनं फार तर २ मिलिमीटरची शीट वळते. गरम असतानाच गुडघ्यावर दाबून खांद्याचा बाक द्यायचा. ठोक्याचं काम हवं असेल, तर त्याच वेळी चमच्याच्या पाठीनं दाबायचं. त्याआधी एकदा भांडी बाजारात जाऊन तांब्याच्या हंड्यावरचे ठोके नीट बघून या. ते इकडेतिकडे नसतात, ओळीनं, एकावर एक जरासे चढत जातात. भाच्यानं पहिल्यांदा कसेही ठोके दिले होते, ते गारपीट झालेल्या गाडीच्या टपासारखे दिसत होते.

मग फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळवून. त्यावर आधी काळा ॲक्रिलिक. हो, चंदेरी चिलखताला आधी काळाच. चंदेरी रंग ब्रशला लावून तो जुन्या पेपरवर पुसायचा, अगदी काही उरलं नाही असं वाटेपर्यंत, आणि मग तो कोरडा ब्रश फक्त कडांवरून फिरवायचा. खाचांत काळं राहतं, कडा घासून उजळल्यासारख्या दिसतात. लोखंडी गेटला मारतात तो चंदेरी ऑइलपेंट नको, फोम वाकला की त्याचे पापुद्रे निघतात.

साखळीचं चिलखत हवं असेल तर आपल्या जिल्ह्याला काय तोटा! कांद्याची जाळीची गोणी घ्या, धुवा, उन्हात टांगा, दोन्ही बाजूंनी चंदेरी स्प्रे मारा आणि काळ्या टी-शर्टवर कच्च्या टाक्यानं बसवा. पाच हातांवरून कुणी ओळखत नाही. जवळून ओळखतात, वासही जरा राहतो.

तलवारीला आत वायरिंगचा पीव्हीसी पाईप आणि दोन्हीकडून १० मिलिमीटरचा फोम. लोखंड, पत्रा काही नको. अशा कार्यक्रमांत खरं धातूचं हत्यार दारातच अडवतात, आणि गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागलं तर काय घ्या. लांब तलवार दोन तुकड्यांत करा, एका पाईपात बारीक पाईप सरकेल अशी. सगळंच चिलखत पंचवटी एक्स्प्रेसच्या वरच्या रॅकवर बसेल एवढ्या तुकड्यांत सुटलं पाहिजे, हा आमच्या घरचा नियम आहे.

आता हॅलोविन. हे प्रकरण वेगळं, कारण तिथे गिऱ्हाईक सहा ते दहा वर्षांचं असतं आणि त्याला आदल्या रात्री नऊ वाजता आठवतं. ३१ ऑक्टोबर ही तारीख आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या सुगीनंतरच्या सणातून आली. तिकडे आधी सलगम कोरून दिवे करत, अमेरिकेत गेल्यावर भोपळा सोपा सापडला. आपल्याकडे डांगर, म्हणजे लाल भोपळा, आहेच. आपलं डांगर बसकं आणि जाड गराचं असतं, म्हणून वरून टोपण कापू नका, बुडाशी कापा आणि पेटत्या बल्बवर उपडं ठेवा. जिथे तोंड कोरायचं तिथे आतून खरवडून बोटभर जाडी ठेवा, नाहीतर सुरी अडकते. निघालेल्या गराचे घारगे करा. ऑक्टोबरच्या उन्हात कोरलेलं डांगर दोन दिवसांच्या वर धरत नाही.

वहिनीच्या सोसायटीत पहिल्या वर्षी सगळी पोरं काळी टोपी आणि प्लास्टिकचे सुळे लावून आली. मी म्हटलं, आपल्याकडे भुतांचा दुष्काळ पडलाय का? मुंजा करा. छोटं धोतर, जानवं, हातात पळसाच्या दंडासारखी काठी, आणि अंगच्या रंगाच्या जुन्या मोज्याची टोपी करून तिला काळ्या लोकरीची शेंडी. चेहऱ्याला पावडर, डोळ्यांखाली काजळ बोटानं पसरून. वीस मिनिटांत भूत तयार.

हडळ मात्र वेळ देऊन करावी, कारण तिचा सगळा जीव पावलांत आहे. उलटी पावलं अशी करायची: बायका चपलेवर घालतात ते अंगठा वेगळा असलेले अंगाच्या रंगाचे मोजे घ्या. पुढच्या अर्ध्या भागात कापूस आणि चिंध्या ठासा, मागचा भाग कापून टाका. अंगठा आयताच आहे. उरलेल्या भागावर जाड दोऱ्यानं वरून खाली तीन वेळा आवळून टाके घातले की चार बोटं उमटतात. टोकाला नेलपॉलिशची नखं काढा, जरा वाढलेली, काळपट. दुसऱ्या बोटाला पितळी वळं घातलं की जोडवं. ही अर्धी पावलं पोरीच्या काळ्या कॅनव्हास बुटांच्या टाचेला, बोटं मागे करून, इलॅस्टिकच्या पट्ट्यानं बसवायची. पट्टा घोट्याभोवती फिरवा. हिरवी साडी पुढून जमिनीला टेकेल इतकी लांब, मागून मात्र चार बोटं वर. पोरगी पुढून येताना काहीच कळत नाही. ती पुढे निघून जाते आणि मग मागे उभ्या असलेल्याची बोबडी वळते. मागची पावलं सहा इंचांपेक्षा लांब नकोत आणि जिन्यावर ती काढून हातात घ्यायची. पुढचा काठ चालताना हातानं उचलायला आधीच शिकवून ठेवा.

मुखवट्याला विकतचं काही लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात, म्हणजे तिकडच्या सोंगांच्या उत्सवात, केवढाले मुखवटे घालून माणसं नाचतात, ते एकदा पाहा म्हणजे डोकं चालेल. घरी फुगा फुगवून त्यावर पेपरच्या पट्ट्या लावायच्या. खळ अशी: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत, आणि उतरवल्यावर चमचाभर मेथीची पूड. आजी कागदाच्या लगद्याच्या पाट्या करायची, तीही मेथी घालायची, कीड लागत नाही म्हणून. बुकबाइंडर मोरचूद घालतात, पण ते विष आहे, पोराच्या तोंडावर बसणाऱ्या वस्तूत नको. सहा थर द्या. एक थर पांढऱ्या पेपरचा, एक त्या गुलाबी शेअर बाजारवाल्या पेपरचा, म्हणजे कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. दोन दिवस ऊन. डोळ्यांची भोकं रंगवलेल्या डोळ्यांत पाडायलाच हवीत असं नाही. मुखवटा तोंडावर धरून पोराचे खरे डोळे कुठे येतात ते बघा. कधी ते नाकपुड्यांशी येतात, तिथेच पाडा.

रक्त साखरेच्या पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालून. कपड्यावरून जात नाही, भिंतीवरूनही.

केपसाठी आजीची जुनी सुती नऊवारी मिळाली तर सोनं. पन्हा ४४ इंच असेल तर ८८ इंचांचा तुकडा मधोमध दुमडा, दुमडीच्या कोपऱ्यातून ५ इंचांवर गळ्याचा आणि ४४ इंचांवर घेराचा गोल आखा. गळा साधारण पावणेसोळा इंच येतो, उंची ३९. एका नऊवारीत अशा तीन केपा निघतात आणि वर टोपीपुरतं उरतं. पोराच्या घोट्यापासून चार बोटं वर काठ दुमडा. गळ्याशी नाडी बांधायची नाही, टिच बटण लावायचं. मागून कुणी ओढलं तर बटण सुटलं पाहिजे, गळा आवळता कामा नये.

कापड सुतीच का, तेही सांगते. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. सकाळी पोरांनी कारीट फोडलं, उटणं लावून अंघोळी केल्या आणि संध्याकाळी भुतं होऊन खाली उतरली. अंगणात पणत्या, हातात फुलबाज्या. एका छोट्या परीच्या नायलॉन नेटच्या बाहीवर ठिणगी पडली आणि बाही क्षणात आखडून मण्यासारखी गोळा झाली. तिच्या आईनं झटकन बाही ओढून फाडली म्हणून हात वाचला. ती बाही मी शिवलेली होती. आता दिवाळीच्या आसपासचं काही असेल तर नेट, सॅटिन, शेडनेट माझ्या खोलीत येत नाही, आणि डांगरात खरी पणती नाही, बॅटरीची.

जाताना पिशवीत सेफ्टी पिना, कॉन्टॅक्ट सोल्युशनची छोटी ट्यूब, काळी चिकटपट्टी, सुईदोरा आणि केळी. केळी हेल्मेट न काढता खाता येतात.

घरी आल्यावर आतून ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली वाळवा आणि घडी न घालता हँगरला टांगा. हेल्मेट कशावर तरी चढवून ठेवा, माळ्यावरच्या उष्म्यानं ते चेपतं. भाच्याचं मी जुन्या माठावर उपडं घातलं होतं. मार्चमध्ये यांना माठ हवा झाला. शिडीवर चढून अंधारात हात घातला, आणि वरूनच ओरडले, "अगं, इथे कोण बसलंय?"